प्रारब्ध आणि प्रतिवादी

माणूस दवाखान्यात दगावला की 'आयुष्याची दोरीच तेवढी होती' असे म्हणत घरचे मन आवरतात. वैद्यकीय निष्काळजीपणाचे खटले लढणारा वकील हे सांत्वन हिरावून घेतो, हा भाविकांचा आक्षेप मला कर्मसिद्धांताच्या अर्धवट समजुतीतून आलेला वाटतो. सोसणाऱ्याचे प्रारब्ध मानले, तरी करणाऱ्याचे क्रियमाण, म्हणजे आत्ता हातून घडणारे, कर्म त्यात विरघळून जात नाही. वकिलाने शोधायचा तो कर्ता. हा शोध किती अवघड, ते छत्तीसगडने नोव्हेंबर २०१४ मध्ये पाहिले. बिलासपूरजवळच्या शिबिरात ८ तारखेला एका सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांची दुर्बिणीने नसबंदी केली. नियमाने दिवसाची मर्यादा ३० होती. हे आणि पाठोपाठचे शिबिर मिळून तेरा स्त्रिया दगावल्या. सर्जनला अटक झाली. त्याने सदोष औषधांकडे बोट दाखवले. त्याच वर्षी सरकारने शस्त्रक्रियांच्या संख्येबद्दल त्याचा सत्कारही केला होता! मग कर्ता कोण? दुर्बीण धरणारा हात, औषध पुरवणारा, की रायपुरात बसून आकडे मोजणारे सरकार? एकट्या सर्जनवर सगळे ढकलणे हीदेखील बाकीच्यांना दिलेली माफीच. देविका बिस्वास यांची याचिका मुळात बिहारमधल्या शिबिरावरची. तिच्यात हे मृत्यूही विचारात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. कर्ता म्हणून इथे व्यवस्था उभी राहिली.

अशा खटल्यांनी डॉक्टर धास्तावतील आणि अवघड रुग्णाला हातच लावणार नाहीत, ही भीती खोटी नाही. म्हणूनच जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये न्यायालयाने फौजदारी जबाबदारीसाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली; उपचार फसला म्हणजे डॉक्टर दोषी, असे नव्हे. कागदपत्रे तपासून, दुसऱ्या तज्ज्ञाला विचारून, शोकात बुडालेल्या अशिलाला 'इथे कुणाचा दोष नाही' असे सांगणे आणि फी सोडणे, हे या वकिलाचे सर्वांत कठीण कर्तव्य. ते टाळणारा वकील दुःखाचा दलाल ठरतो.

राहिला पैशाचा आक्षेप: मेलेल्या माणसाची किंमत कशी घ्यावी? १९५३ साली मांडीचे हाड मोडलेला एक तरुण पुण्यात उपचारांनंतर त्याच दिवशी गेला. दावा लावणारे त्याचे वडील स्वतः दौंडला डॉक्टरकी करत, तेव्हा वैद्यकद्वेषाचा प्रश्नच नव्हता. खालच्या न्यायालयांत ते जिंकले, प्रतिवादी डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६८ मध्ये तिथेही भरपाई कायम राहिली. ती होती ३,००० रुपये. एवढ्यासाठी कुणी पंधरा वर्षे भांडत नाही.