नाळ, जिगर आणि अमानत

आईबापांसाठी मूल म्हणजे काळजाचा तुकडा. उर्दूच्या वर्गात आम्ही हाच भाव ‘जिगर का टुकडा’ म्हणून शिकवतो. जिगर म्हणजे शरीरशास्त्रातले यकृत. आज आईबाप आपल्या यकृताचा भाग खरोखरच मुलाला देऊ शकतात. उरलेले यकृत पुन्हा वाढते. पण दाता जुळला नाही तर काय? म्हणूनच नाळेतल्या मूलपेशींपासून यकृतासारख्या पेशी बनवण्याच्या प्रयोगांकडे आशेने पाहिले जाते.

या मूलपेशींना प्रयोगशाळेत ठरावीक वाढघटक क्रमाक्रमाने दिले जातात. काही आठवड्यांत त्या अल्ब्युमिन तयार करू लागतात, अमोनियाचे युरियात रूपांतर करतात. ही यकृताचीच कामे. २००६ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या कॉलिन मॅकगकिन आणि निको फोराझ यांनी नाळेच्या रक्तापासून यकृताच्या ऊतीचा लहानसा तुकडा वाढवल्याचे जाहीर केले, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पण अशा पेशींची ताकद खऱ्या यकृतपेशींपेक्षा कमी भरते. औषधांची पारख करायला त्या उपयोगी पडतात. आजारी यकृताची जागा अजून घेऊ शकत नाहीत.

‘यकृतासारख्या’ या शब्दातला ‘सारख्या’ संशोधक जपून वापरतो. विकणारा तो गाळून टाकतो. आणि नैतिक प्रश्न इथेच सुरू होतो. गरोदर बाईच्या घरी माहितीपत्रक येते : बाळाची नाळ साठवा, उद्या कामी येईल. हातावर पोट असलेला बापही मुलाच्या मायेपोटी हप्ते बांधून घेतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तर २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की, स्वतःच्या पुढील वापरासाठी नाळेचे रक्त साठवण्याला वैज्ञानिक आधार नाही. मायेला भीती घालून पैसा काढणे हा व्यापार नव्हे, फसवणूक आहे.

शिवाय आजार जन्मजात जनुकीय असेल, तर तोच दोष त्या मुलाच्या नाळेतही असतो. तिथे दुसऱ्याचीच नाळ लागते. १९८८ मध्ये पॅरिसला डॉ. एलियान ग्लुकमन यांनी नाळरक्ताचे पहिले प्रत्यारोपण केले. फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या त्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले रक्त दिले होते.

मग नाळ कोणाची? राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह परिषदेने डिसेंबर २००३ मध्ये मक्केत नाळेतील मूलपेशींचा उपचार व संशोधनासाठी वापर जायज ठरवला. मात्र आईवडिलांची परवानगी हवी, अशी अट घातली. ही अट आम्हांला फार मोलाची वाटते. बाळंतिणीला न विचारता, टाकाऊ समजून नाळ उचलणे हेही चूकच.

आमच्या कळंबसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत आजही ‘इथे आमची नाळ पुरली आहे’ असे म्हणून माणूस मातीवर हक्क सांगतो. उर्दूतही ‘नाल गडी है’ म्हणतातच. नाळ मातीला देण्याची ही रीत आम्हांला हिणवायची नाही. पण शरीर ही अल्लाहची अमानत मानणाऱ्यांनी एवढे तरी मानावे की, तिचा उपयोग आपल्या घरापुरता कुलपात ठेवायचा नसतो. सरकारी प्रसूतिगृहांत आईला नीट समजावून, तिच्या मर्जीने, एक पैसा न घेता नाळ दान करता यावी, ही मागणी आपण करायला हवी. आणि तिथे आलेल्या आईला ‘सारख्या’ या शब्दाचा अर्थही कोणीतरी तिच्या भाषेत सांगायला हवा.