साळूचा काटा
आजीच्या फडताळात, पितळी डबीत साळिंदराचा एक काटा होता, वीतभर, काळा-पांढरा. सीमंतोन्नयनात गर्भवतीचा भांग साळूच्या काट्यानं पाडावा, तो तीन ठिकाणी पांढरा असावा, असं आश्वलायन गृह्यसूत्र सांगतं.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरनं १८५१ साली छापलेल्या दृष्टान्तात थंडीनं काकडलेली साळिंदरं उबेसाठी जवळ येतात, टोचलं की लांब होतात. इंग्रजीत ही कोंडी बहुधा ‘हेजहॉग’च्या नावावर सांगतात, मूळ जर्मन शब्द मात्र साळिंदराचाच. हेजहॉग निराळा, आखूड काट्यांचा, किडे खाणारा.

शोपेनहाउअरचा तोडगा म्हणजे शिष्टाचाराचं बेताचं अंतर. मला तो पटत नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सातजण. अंतर आणायचं कुठून? सकाळी नळावर तोंड सोडणारी शेजारीणच रात्री माझ्या तापल्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसायची.

वहिनीच्या सीमंतोन्नयनाच्या वेळी दादाच्या हाती काटा देण्याआधी आजीनं टोक स्वतःच्या बोटावर दाबून पाहिलं. मग त्यानं तो कपाळापासून मागे हलकेच ओढला. वहिनीनं डोळे मिटले होते.