फेटा आणि ट्यूबलाइट

फेटा भाड्याचा होता. येवल्यात हातमाग चालवणाऱ्या एका विणकराच्या डोक्यावर त्याच्या लेकीनं तो बसवला. त्याआधी निवडणुकीत फुकट मिळालेला टी-शर्ट उतरवून त्याला पांढरी बंडी घालायला लावली होती. मागाजवळच्या मोबाइलवर किशोरकुमार गात होता, तो गप्प झाला. डोक्यावरची ट्यूबलाइट विझली आणि कोनाड्यात समई आली.

"अगं, पण या उजेडात मला तिल्ल्या दिसत नाहीत," बाबा म्हणाले.

"विणायचं कुठंय बाबा? नुसता धोटा हलवा."

पोरीची हौस म्हणून त्यांनी हलवला.

पोरगी पुण्यात एका जाहिरात कंपनीत होती. सुरुवातीला तिथे कुणी घरचं विचारलं, की "आमचा टेक्स्टाइलचा बिझनेस आहे" म्हणून मोकळी व्हायची. मग हातमागाला बरे दिवस आले, निदान बोलण्यात तरी. 2015पासून 7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन पाळला जातो आणि त्या सुमारास भल्याभल्यांना विणकरांचा उमाळा येतो. हिचे वडील पैठणी विणतात हे साहेबांच्या कानावर गेलं आणि ही एका दुपारीत 'विणकराची लेक' झाली. बाबांच्या साड्यांसाठी तिनं इन्स्टाग्रामवर पान उघडलं होतंच. लहानपणी कांड्या भरण्यापलीकडे तिनं मागाला हात लावला नव्हता, पण तिथे ती पदर विणताना दिसायची. घरी एक, कचेरीत दुसरी, मोबाइलवर तिसरी. आणि तिघींची एकमेकींशी फारशी ओळख नव्हती.

खरेपणाची आवड असलेल्यांना खरेपणासुद्धा नटवून द्यावा लागतो, हा आपल्या काळाचा विनोदच म्हणायचा. विणकर ट्यूबलाइटखाली बसतो, कारण रेशमाच्या जवळजवळच्या छटा समईत ओळखू येत नाहीत. त्याच्यासमोर नक्षीचा आलेखाचा कागद असतो, कारण मोराचं पीस अंदाजानं उतरत नाही. हे सगळं चौकटीबाहेर ढकलून तिच्या व्हिडिओत उरलं ते चित्र सुंदर होतं. त्यावर बासरी चढली. खाली ओळ आली : 'विजेविना, पिढ्यान्‌पिढ्या.' लोकांनी हृदयांचा पाऊस पाडला. साहेबांनी तर हातमाग दिनासाठी असंच काही मोठं करायचं ठरवून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात, पोरगी सुट्टीला घरी आलेली असताना, डोंबिवलीहून एक निवृत्त शिक्षिका दारात उभ्या राहिल्या. लेकीच्या लग्नाची पैठणी घ्यायची होती. बाबा बनियनवर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते, किशोरकुमार पुन्हा सुरू होता.

"ते फेटेवाले आजोबा कुठे आहेत?"

"मीच तो, ताई."

बाईंनी ट्यूबलाइटकडे पाहिलं, भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलं. "व्हिडिओत तर वीजच नव्हती. म्हणजे ते सगळं सोंग. मग ही साडी तरी हातमागाची कशावरून?"

त्यांचंही चुकत नव्हतं. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी यंत्रमागावरचा माल अस्सल म्हणून गळ्यात मारणारे कमी झालेले नाहीत. बाबांनी वाद घातला नाही. घडी उलगडली आणि पदर पालथा करून बाईंच्या मांडीवर ठेवला.

हातमागावरच्या पदरात प्रत्येक रंगाची स्वतंत्र तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, असते. हिरव्याचा धागा हिरव्याच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि मागे फिरतो. मागच्या बाजूनं मोकळा धागा लोंबत कुठे जात नाही. म्हणून मोर उलट्या बाजूनंही मोरच दिसतो, फक्त तोंड दुसरीकडे. नकलेत पुढून नक्षी झोकदार असते, पण मागे धाग्यांची ओढाताण किंवा कापलेली टोकं सापडतात. बाईंनी चष्मा वर केला, बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. साडी पसंत पडली.

"साडी खरी आहे हो. मग व्हिडिओ कुणी केला?"

पोरगी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. "मी."

"छान केलायस," बाई म्हणाल्या आणि कप उचलला.

त्या गेल्यावर पोरीचा बांध फुटला. "सगळेच करतात बाबा! आणि तुम्ही नाही का? सुरतेच्या जरीवाल्याशी फोनवर किती गोडगोड हिंदी बोलता. मंदिरात वेगळे, आमच्यावर ओरडताना वेगळे. तुमचं ते चालतं?"

बाबांनी कपाटातून दुसरी साडी काढली. धूपछाव. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. खिडकीशी नेऊन ती हलवली.

"काय दिसतं?"

"हिरवी."

"आता?"

"जांभळी."

"गिऱ्हाईक फसलं का?"

ती बोलली नाही.

"दोन्ही रंग तिच्यातच आहेत, पोरी. जरीवाल्याशी गोड बोलणारा मीच आहे, उधारी असते माझी. समईत विणणारा कोण होता, ते मला माहीत नाही."

पुण्याला परतण्याआधी तिनं पुन्हा चित्रण केलं. ट्यूबलाइट, आलेखाचा कागद, किशोरकुमार आणि धागा तुटल्यावर बाबांच्या तोंडून निघालेले दोन शब्द, जे इथे छापता येणार नाहीत. स्वतःबद्दल तिनं लिहिलं : मला विणता येत नाही, मी विकते.

साहेबांनी ते पाहून "जरा कच्चं वाटतंय" असा शेरा मारला. हातमाग दिनाच्या जाहिरातीत शेवटी एक भाड्याचा नट फेटा बांधून बसला, आणि तो बरा दिसत होता हे मान्य करायला हवं. तिच्या पानावरची हृदयं आटली. त्यांच्या जागी प्रश्न येऊ लागले : एका पदराला किती तिल्ल्या लागतात? मागची बाजू दाखवाल का? काहींची उत्तरं तिला ठाऊक नव्हती, म्हणून रोज रात्री येवल्याला फोन जाऊ लागला.

एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी नव्यानं आलेल्या मुलानं विचारलं, "तुझे बाबा काय करतात गं?"

"माग चालवतात," ती म्हणाली. "आणि आज त्यांना फोन करायची सोय नाही, सकाळपासून धागा तुटतोय."