खोटा टाहो

दुसऱ्याच्या भाषेत बोलणे ही आम्हा सीमाभागातल्या माणसांना नवलाची गोष्ट नाही. बेळगावच्या बाजारातली भाजीवाली समोरच्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघते आणि क्षणात मराठीची कानडी करते, कानडीची मराठी. माझी आई शेजारच्या अक्कांशी कानडी बोलायची. तिची कानडी मोडकीच होती, पण त्या मोडक्या भाषेतही 'तू मला परकी नाहीस' एवढे एक वाक्य शुद्ध असायचे. दुसऱ्याची भाषा शिकायची ती त्याच्या जवळ जाण्यासाठी, असेच मी आयुष्यभर समजत आलो. तिचा दुसराही उपयोग असू शकतो, हे मला सत्तरी उलटल्यावर, टेक्सासमधल्या एका दुकानात काउंटरपुढे उभे असताना उमगले.

माझी मुलगी पश्चिम टेक्सासात, सॅन अँजेलो शहराच्या बाहेर राहते. हा मुलूख पूर्वीपासून मेंढ्या, शेळ्या आणि लोकर यांचा. तिच्या घराच्या कुंपणापलीकडे एका वयस्क मेंढपाळाचे रान आहे. आमचा नातू सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे पडतो. नातवाला पंधरावे लागले तेव्हा मी म्हटले, "काय हवे ते माग." तो म्हणाला, "आजोबा, मला कायोटी बोलवायची पिपाणी हवी. आणि ती तुम्हीच निवडायची."

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा चुलतभाऊ. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान. वजन साधारण दहा ते वीस किलो. 1823 साली थॉमस से या शास्त्रज्ञाने त्याला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ 'भुंकणारा कुत्रा'. माणसाने अमेरिकेत बहुतेक ठिकाणचे लांडगे संपवले, तशी मोकळी झालेली जागा याने घेतली. मूळचा पश्चिमेकडच्या माळांचा हा प्राणी आता अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला आहे. हवाई सोडले तर सगळ्या राज्यांत आहे. टेक्सासात त्याला मारायला ना ऋतूचे बंधन, ना संख्येचे. तिथल्या केंद्र सरकारचे खातेच काही वर्षी साठ हजारांहून अधिक कायोटी मारते. तरी तो संपत नाही. उलट, जिथे त्याच्यामागे हात धुऊन लागावे तिथे माद्या लहान वयात विऊ लागतात, वेतात पिलेही जास्त होतात, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे.

या चतुर प्राण्याच्या मागे धावून काही हाती लागत नाही. म्हणून शिकारी त्याला आपल्याकडे बोलावतो. पिपाणी लागते ती त्यासाठी. टेक्सासमधल्या मार्बल फॉल्स गावच्या बर्नहॅम बंधूंनी 1950 च्या दशकात अशा पिपाण्या विकायला सुरुवात केली आणि ही विद्या घरोघर गेली. पिपाणीतून आवाज निघतो तो कायोटीचा नव्हे, तर सापळ्यात किंवा दातांत सापडलेल्या सशाचा. मरणाच्या दारातला टाहो.

नातवाने मला दुकानात नेले. काउंटरवर चार तऱ्हा मांडलेल्या होत्या. पहिलीत सनईसारखी पत्ती, पण नळीच्या आत बंदिस्त. फुंकले की ठरलेला सूर निघतो, नवशिक्यालाही जमते. दोष एवढाच की थंडीत फुंकणाऱ्याच्या श्वासातला ओलावा पत्तीवर गोठतो आणि आवाज बसतो. दुसरीची पत्ती उघडी. तिच्यावर ओठ किंवा दात कुठे टेकवता यावर सूर बदलतो. सराव झाला की एकाच पिपाणीतून ससा, पाखरू, कायोटीची साद आणि कायोटीच्या दुखावल्या पिलाचे केकाटणे, सारे काढता येते. तिसरी टाळूला चिकटवायची, म्हणजे बंदुकीसाठी दोन्ही हात मोकळे राहतात. चौथी रबरी फुग्यासारखी. दाबली की उंदरासारखी चिरकते. जनावर जवळ येऊन घुटमळले की शेवटची काही पावले ओढायला ही.

दुकानदार अगत्याचा माणूस. म्हणाला, "मुलाला उघड्या पत्तीची घ्या. एकदा शिकला की काहीही बोलेल." 'काहीही बोलेल' हे शब्द माझ्या मनात अडकून राहिले. मी म्हटले, "उद्या येतो."

त्या संध्याकाळी मेंढपाळ आम्हाला रानात घेऊन गेला. वारा तोंडावर घेऊन आम्ही एका झुडपाच्या आडोशाला बसलो. कायोटी नेहमी वळसा घालून वाऱ्याखाली येऊ बघतो, वास घेऊन खात्री करतो. म्हणून बसायची जागा पिपाणीइतकीच मोलाची, असे त्याने सांगितले. मग त्याने पिपाणी ओठाला लावली.

वाचकहो, मला ठाऊक होते की हे प्लास्टिकच्या नळीतून निघते आहे. वाजवणारा माझ्यापासून चार हातांवर बसला होता. तरी तो आवाज कानात शिरला आणि मी अर्धवट उभा राहिलो. पायांनी मला विचारलेच नाही. नातवाने सदरा धरून खाली ओढले. वीस मिनिटे थांबून थांबून तो टाहो त्या माळावर फिरत राहिला. काही आले नाही. मेंढपाळ म्हणाला, इथल्या कायोटींनी ही पिपाणी फार ऐकली आहे. जो एकदा फसून वाचतो, तो पुन्हा येत नाही.

रात्री झोप येईना. फसवून मारणे वाईट, असे म्हणावे तर मी कोण मोठा साधू? मासे खाऊन वाढलेला माणूस मी. गळाला लावलेला गांडूळ हेही माशाशी बोललेले खोटेच आहे. आमच्याकडे फासेपारधी पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या सादेवर रानातले तित्तर बोलावीत. जिम कॉर्बेटने 1938 साली ठाकच्या नरभक्षक वाघिणीला नराच्या आवाजात बोलावून मारले. ती माणसे खात होती, आणि तिला तसे मारल्याबद्दल कॉर्बेटला दोष द्यायला मी धजणार नाही. शिकार आणि फसवणूक या जुळ्या बहिणी आहेत. बिबट्यासुद्धा गवताच्या रंगाचे खोटे अंगावर घेऊनच जन्मतो.

मग मला नेमके काय टोचत होते? विचार करता करता रामायणातला मारीच आठवला. सुवर्णमृगाचे रूप हे त्याचे पहिले खोटे. त्याने लोभाला हाक घातली. पण बाण लागल्यावर त्याने रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला जी आर्त हाक मारली, ते दुसरे खोटे निराळ्या जातीचे होते. लोभाने फसणाऱ्याला आपण थोडासा दोष देतो. धावून जाणाऱ्याला काय म्हणून द्यायचा? लक्ष्मणाने आवाज ओळखला आणि तो हलेना. सीतेने विश्वास ठेवला आणि त्याला बोलून बोलून घालवले. मला वाटते, चूक दोघांचीही नव्हती. खोट्या टाह्याचा खरा अपराध हाच, की तो शहाण्याला निर्दय ठरवतो आणि प्रेमळाला मूर्ख.

हे आता रानापुरते राहिलेले नाही. हल्ली यंत्राने मुलाचा हुबेहूब आवाज काढून आईबापांना फोन करणारे भामटे निघाले आहेत: अपघात झालाय, पैसे पाठवा. जो एकदा फसला तो पुढच्या वेळी, मुलगा खरोखर संकटात असला तरी, आधी विचार करणार. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण पोरांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. पण त्या गोष्टीतले खरे नुकसान शेवटी कुणाचे झाले? मेंढरांचे. त्यांनी कुणाला फसवले नव्हते.

इथवर आलो आणि मला वाटले, रेघ सापडली. ससा भुकेला बोलावतो. कायोटी येतो तो खायला येतो, आणि खायला येणारा जीव धोका पत्करूनच येत असतो. पण पिलाचे केकाटणे आईबापाला बोलावते. तिथे आपण त्या जनावराच्या अंगात जे सर्वांत चांगले आहे त्याचाच फास करतो. तेव्हा सशाची पिपाणी घ्यावी, पिलाची घेऊ नये. म्हणजे बंदिस्त पत्तीची घ्यावी. तिला दुसरे काही बोलता येत नाही, हाच तिचा गुण.

सकाळी हे सारे मी नातवाला मोठ्या समाधानाने सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, वसंतात कायोटीण सशासाठी येते ती कुणासाठी? बिळात पिले असतात ना. ती त्यांच्यासाठीच खाणे न्यायला येते."

माझी रेघ तिथेच पुसली गेली. भूक आणि माया यांच्यात मी जी भिंत घातली होती, ती माझ्या सोयीची होती. आईच्या पोटातली भूक पुष्कळदा मुलाचीच असते. आमच्या आईने आमच्यासाठी काय काय ओढून आणले, ते आठवून मला बोलता येईना.

बौद्ध जातककथांत एक तित्तर आहे. पारध्याने त्याला पिंजऱ्यात ठेवलेले. तो ओरडला की इतर तित्तर येत आणि मरत. त्याने गप्प राहून पाहिले, तर पारधी डोक्यात काठी मारी आणि वेदनेने आवाज निघेच. हे पाप माझे का, असे त्याने एका तपस्व्याला विचारले. ज्याच्या मनात वाईट नाही त्याला पाप चिकटत नाही, असे उत्तर मिळाले. तित्तराला ते उत्तर पुरले असेल. आपल्याला पुरत नाही, कारण आपल्या डोक्यात कुणी काठी मारलेली नसते. आपण दुकानात जातो, चार पिपाण्या हाताळतो, पंधरा-वीस डॉलर मोजतो आणि एक निवडतो. निवड आली की जबाबदारी आली.

मी मेंढपाळाकडे गेलो आणि त्यालाच सगळे सांगितले. तो हसला नाही. त्याने मला दोन कोकरे दाखवली, गळ्याशी फाडलेली. त्याने पांढरे मोठे राखणदार कुत्रे पाळले आहेत, एक गाढवही ठेवले आहे. पूर्वी तिकडे विष सर्रास घालीत, ते सरकारी जमिनींवर 1972 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या हुकमाने थांबले, आणि विषापेक्षा गोळी स्वच्छ, असे तो म्हणाला. "कोकरे सर्वांत जास्त जातात ती कायोटीला पिले असतात तेव्हाच. तुम्ही म्हणता त्या दिवसांतच मला पिपाणी लागते." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आमच्या माळावरचा धनगरही लांडग्याबद्दल असेच बोलतो. मेंढीलाही पिलू असते, ही साधी गोष्ट माझ्या रात्रभराच्या विचारात कुठे आलीच नव्हती.

शेवटी मी बंदिस्त पत्तीची, सशाची पिपाणी घेतली. नातवाच्या हातावर ठेवताना तीन गोष्टी सांगितल्या. बक्षिसासाठी कायोटी मारायच्या स्पर्धा भरतात. तिथे ही न्यायची नाही. मेंढपाळाने बोलावल्याशिवाय फुंकायची नाही. आणि पिले बिळात असतील त्या महिन्यांत ही खणात ठेवायची. तिसरी अट तर्काला धरून नाही, हे मला ठाऊक होते आणि त्यालाही. मी तसे त्याला सांगितलेही. कायोटी मेल्यावर त्याला कुठल्या आवाजाने बोलावले याने त्याला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो फुंकणाऱ्याला. ज्या तोंडाने मुलगा घरी आईला हाक मारतो, त्या तोंडाला दुसऱ्या कुणाच्या आईला तशी हाक मारायची सवय लागू नये, एवढेच माझे म्हणणे. हे म्हणणे दुबळे आहे. पण त्याहून बळकट मला काही सापडले नाही.

नातवाने शब्द पाळला. मी परत आल्यावर पुढच्या वसंतात एका रविवारी त्याचा फोन आला. शेजाऱ्यांची चार कोकरे गेली, म्हणाला. पिपाणी खणात होती. मेंढपाळाने त्याला काही विचारले नाही. त्याची स्वतःची पिपाणी आहेच, पण त्याचे गुडघे आता रात्री माळावर बसू देत नाहीत.

"मी गेलो असतो तर कदाचित वाचली असती," नातू म्हणाला. मग थोडा वेळ तो गप्प राहिला. "आजोबा, पुढच्या वर्षी काय करू?"

माझ्या अटीची किंमत मी दिली नव्हती. ती त्या म्हाताऱ्या मेंढपाळाने आणि चार कोकरांनी दिली होती. मी त्याला म्हटले, "यंदा सुट्टीत त्यांच्या कुंपणाला हात लाव. रात्री कुत्र्यांबरोबर राखणीला जा. आणि तरीही कोकरे जात राहिली, तर अट मोडायची की नाही हे तू ठरव. माझ्या नावावर ढकलू नको."

तो 'बरं' म्हणाला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओसरीवर बसून होतो. मागच्या रानात कुठेतरी कोल्हे ओरडत होते. शेजारच्या अक्कांची सून दारात येऊन कानडीत म्हणाली, नरी ओरडतायत, कोंबड्या आत घ्या. मी उठलो आणि कोंबड्या आत घेतल्या.