एका ओळीचा वाटेकरी

माझ्या रेझ्युमेमध्ये एक वाक्य आहे : 'सिलियम या ओपन सोर्स प्रकल्पात योगदान.' वाक्य खरं आहे. ते खोटं ठरवायला कुणी निघालं तर त्याच्या हाती काहीही लागणार नाही. तरीही गेल्या वर्षभरात ते तीन-चारदा खोडावंसं वाटलं, आणि अजून खोडलेलं नाही.

आधी सिलियम म्हणजे काय ते सांगतो. तुम्ही फोनवर एखादं ॲप उघडता तेव्हा मागे बहुतेकदा एकच मोठा प्रोग्रॅम नसतो. छोटे छोटे तुकडे असतात, कुणी लॉगिन बघतो, कुणी पेमेंट. कुबरनेटीस नावाची व्यवस्था त्यांना सांभाळते. हे तुकडे दिवसभर जन्मतात, मरतात, आणि नव्याने उभे राहिले की त्यांचा आयपी पत्ता बदललेला असतो. मग कुणी कुणाशी बोलायचं हे पत्त्यावरून ठरवणार कसं? सिलियम लेबल बघतं. लेबलवरून त्या तुकड्याला ओळख मिळते, आणि दार ओळखीवर उघडतं. हे काम लिनक्सच्या कर्नलमध्येच, ईबीपीएफ या तंत्राने होतं. २०२१ साली हा प्रकल्प क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे आला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथला सगळ्यात वरचा, 'ग्रॅज्युएटेड' दर्जा त्याला मिळाला. ज्या आयसोव्हॅलंट कंपनीने तो वाढवला ती २०२४ मध्ये सिस्कोने विकत घेतली.

वर्षाकाठी प्रकल्पाचा अहवाल निघतो. नवीन काय आलं, कोणकोणत्या कंपन्या वापरतात, योगदान देणारे किती वाढले. त्या शेवटच्या आकड्यात एका वर्षी मीही मोजला गेलो.

झालं असं. रात्री दोनला आमची एक सेवा बंद पडली. चूक आमचीच होती. सिलियममध्ये एखाद्या तुकड्याला 'बाहेर फक्त इथेच जा' असा नियम लावला, की बाकीच्या सगळ्या वाटा आपोआप बंद होतात. डीएनएसचीसुद्धा. म्हणजे जायची परवानगी आहे, पण पत्ता विचारायची नाही. हे शोधलं दादाने. टीममध्ये वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणतात. तीन तास तो एकेक पॅकेट कुठे गळतंय ते बघत होता. मी शेजारी चहा पीत होतो. सकाळी तो म्हणाला, "डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय रे हे, पण आणखी एका ठिकाणी एक ओळ हवी. नवीन माणूस इथेच अडकणार."

ती ओळ मी टाइप केली आणि पाठवली. दादाचं गिटहबवर खातंच नव्हतं. खाली नियमाप्रमाणे 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून माझं नाव घातलं. त्या सहीचा अर्थ एवढाच, की हा मजकूर द्यायचा मला हक्क आहे. तो सुचला कुणाला, हे ती सही विचारत नाही.

पलीकडून कुणीतरी ती ओळ वाचली. शीर्षक बदलायला सांगितलं, मी चुकीचं बदललं, त्याने पुन्हा न चिडता समजावलं. चाचण्या चालल्या, त्यातली एक विनाकारण पडली, ती परत चालवावी लागली. खरा हिशेब मांडला तर माझ्या एका ओळीने प्रकल्पाचा वेळ खाल्लाच जास्त असेल.

आणि मोजणीत? फाउंडेशनच्या आकडेवारीत कमिट, रिव्ह्यू, एखादी तक्रार, नुसती प्रतिक्रिया, यातलं काहीही केलेला माणूस योगदानकर्ता धरला जातो. मला शिकवणारा तोही एक, मीही एक. सापडलेली दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांमध्ये नेऊन बसवणारा, 'हे फीचर नको' असं पटवून सांगणारा, तेही एकेकच. गावात श्रमदान असतं तेव्हा एक घमेलं उचलून फोटो काढणारा असतोच. संध्याकाळी 'दोनशे लोक आले होते' म्हणताना तोही दोनशेत असतो. त्यात गावाचं चुकतं असं मला वाटत नाही. आज फोटोसाठी आलेला उद्या खरंच फावडं धरेल, ही आशा त्यात असते. पण ही आशा महागातही पडते. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळणार होता. लोकांनी निरर्थक बदलांचा असा पूर पाठवला, की ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचं असेल तेवढेच धरायचे, असा नियम आयोजकांना मध्येच करावा लागला. त्या टी-शर्टवाल्यांना हसताना माझा आवाज जरा जास्तच मोठा होता.

कारण मी टी-शर्टपेक्षा मोठं काही घेतलं. दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू होता. घेणाऱ्याने रेझ्युमेवरून मान वर केली. "अरे वा, सिलियममध्ये काम केलंय?" मी म्हणालो, "हो, छोटंसं." हे इतक्या नम्रपणे म्हणालो की त्याला तो विनय वाटला. मला ते दिसलं, आणि मी पुढे बोललो नाही. मग त्याने विचारलं, प्रत्यक्षात कधी काही अडचण सोडवली आहे का? मी रात्री दोनची गोष्ट सांगितली. 'आम्ही' म्हणत सांगितली. नोकरी मिळाली.

लेबल बघून दार उघडणारी व्यवस्था ते लेबल चिकटवणाऱ्यावर विसंबून असते. चुकीच्या हाताला लेबल लावायची मुभा दिली तर आतला सगळा बंदोबस्त कितीही चोख असला तरी उपयोग नाही, हे मी रोज ज्युनियर मुलांना शिकवतो.

लिनक्स कर्नलवाल्यांनी यावर साधी सोय केली आहे. बदलाखाली 'रिपोर्टेड-बाय' लिहायची पद्धत आहे : दोष ज्याने दाखवला त्याचं नाव. तपासणाऱ्यासाठी वेगळं, चाचणी करणाऱ्यासाठी वेगळं. गिटहबवरही 'को-ऑथर्ड-बाय' लिहिता येतं. मला हे तेव्हा माहीत होतं. दादाचं नाव आणि ईमेल, एक ओळ. सुचलंच नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आता ते घालता येत नाही. एक जुना कमिट बदलायचा तर त्याच्यानंतरच्या सगळ्यांची खूण बदलते, आणि माझ्या अपराधी वाटण्यासाठी तो खटाटोप कुणी करणार नाही.

मागच्या महिन्यात दादाला फोन करून हे सगळं सांगितलं. त्याला आधी आठवेचना. मग हसला. "अरे, एका ओळीचं काय घेऊन बसलास? तुझं काम झालं ना?"

थोडा वेळ गाडीचे हॉर्न ऐकू येत राहिले.

"पण ते नाव," तो म्हणाला, "असं कुणालाही दिसतं का रे? म्हणजे पोराला वगैरे दाखवता येतं?"