पाठ केलेले आणि कळलेले

शिकणे म्हणजे आत्म्याला पूर्वजन्मांपासून ठाऊक असलेले आठवणे, असे सॉक्रेटिस प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात म्हणतो. पुरावा म्हणून तो भूमिती न शिकलेल्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि २ फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ ४. आता ८ चा कसा काढायचा? मुलगा ठामपणे बाजू दुप्पट करतो, होतात १६. मग ३ घेतो, होतात ९. इथे तो अडतो, येत नाही म्हणून कबूल करतो. सॉक्रेटिसला हा क्षण फार मोलाचा वाटतो. पुढे मूळ चौरसाच्या कर्णावर चौरस उभा राहतो आणि ८ मिळतात.

पूर्वजन्माचे सोडा. चुकीला मिळालेला हा अवधी आपल्या वर्गांत किती दुर्मीळ आहे!

मग पावकी, निमकी, दिडकीचे पाढे घोकणारी मराठी परंपरा व्यर्थ होती का? मुळीच नाही. तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा हे त्या मुलाला येत नसते, तर आपली चूक त्याला दिसलीच नसती.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) पाठांतर आणि समज या दोन्ही वाटा भेटतात. नियम पाठ करायला सोपा म्हणून श्लोकात, आणि लगेच उदाहरण. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी बीळ, २७ हातांवरून बिळाकडे निघालेला साप. मोर तिरका झेपावतो. दोघांनी कापलेले अंतर सारखेच. गाठ बिळापासून किती हातांवर? कर्णाचा नियम तोंडपाठ असूनही आधी आकृती काढावीच लागते. मग वहीत त्रिकोण उमटतो: ९, १२, १५.