रंगाची सनद

रंग मनावर हुकमत गाजवितो, हे आपण सारेच मानतो. परंतु त्या हुकमतीची सनद त्याला कोणी दिली, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. भरताच्या नाट्यशास्त्रात रौद्राला रक्त, हास्याला शुभ्र आणि करुणाला कपोत वर्ण नेमून दिलेला आहे, आणि संतप्त माणसाचा चेहरा लाल होताना पाहिला म्हणजे भाव व वर्ण यांचे नाते निसर्गसिद्धच असावे, असे वाटू लागते. पण शृंगाराला तेथे श्याम वर्ण का, असे विचारताच निसर्गाची साक्ष अपुरी पडते. त्या रसाची देवता विष्णू मानलेली आहे, हेच काय ते उत्तर हाती येते. म्हणजे श्रद्धा आधी आणि रंग मागाहून!

आपल्या घरातील काळ्या रंगाचीच कैफियत ऐकावी. मंगलकार्यात जो वर्ज्य, त्याचेच मणी सौभाग्यचिन्ह म्हणून गळ्यात ओवले जातात, संक्रांतीला त्याचीच चंद्रकळा कौतुकाने नेसतात, आणि पंढरीची वाट चालणारा वारकरी त्याच रंगाचा बुक्का कपाळी लावून धन्य होतो.

तांबड्याची कथा याहून दारुण आहे. जिच्या कपाळीचे तांबडे कुंकू वैधव्याने पुसले, तिच्याच केशवपन केलेल्या मस्तकावरून आमच्या ब्राह्मण समाजाने तांबडे लुगडे, म्हणजे आलवण, ओढले, आणि कालपर्यंत जो रंग पाहून लोक ओटी भरण्यास पुढे होत, तोच दिसताच शुभकार्यास निघालेले लोक माघारी वळू लागले. रंग तोच, डोळा तोच. फिरला तो समाजाचा हुकूम. कायद्याने 1856 साली पुनर्विवाहास मुभा दिली, तरी तो हुकूम घरोघर अबाधितच होता. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या गावच्या, मुरुडच्या, ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला.

रंगाला मनावर हुकमत कोणी दिली, या प्रश्नाकडे उलट दिशेने पाहिले ते जैन दर्शनाने. त्याच्या लेश्याविचारात मनच आपल्या परिणामांनी, म्हणजे भावांनी, जीवाला रंग चढविते. जांभळीच्या झाडापाशी आलेल्या सहा भुकेल्या वाटसरूंपैकी एक झाड मुळासकट तोडू पाहतो, तो कृष्णलेश्येचा. नील, कपोत, पीत, पद्म अशी पायरी चढत जाऊन, भूक तीच असूनही, जो केवळ गळून पडलेली फळे वेचतो, तो शुक्ललेश्येचा. अधमाला येथेही काळाच रंग मिळावा, हे विठोबाचे सावळे रूप ज्याच्या डोळ्यांत भरले आहे त्याला रुचणार नाही, आणि मलाही रुचत नाही. तथापि आलवणातील त्या स्त्रीपुढे हा सिद्धांत ठेवून पाहिला, तर कृष्णलेश्येचा शोध तिच्या वस्त्रापाशी थांबत नाही. तो ते वस्त्र तिला नेसविणाऱ्या कर्त्या पुरुषांपर्यंत आणि त्यांना शास्त्राधार काढून देणाऱ्या पंडितांपर्यंत जाऊन पोहोचतो.